हजर

हजेरीत एकोणीस नंबर चाफले हेमराजचा.
सतरा झाला की आम्ही टाचा तयार ठेवायचो.
ढोक गुरुजींनी नाव घेतलं,
त्याच्या घशात ‘ह’ अडकला,
की टाटपट्टीवर बसल्या बसल्या
चाळीस पोट्ट्यांच्या टाचा फरशीवर:
खर्र, खर्र, खर्र.
लुना. चालू न होणारी लुना.
मार किक. अजून मार.

गुरुजी वाईट नव्हते.
मिशीत हसायचे,
त्याच्या नावापुढं स्वतःच खूण करायचे
आणि पुढं जायचे.
वर्षभर तो असा
दुसऱ्याच्या पेनानं हजर.

पुढचा नंबर माझा. वीस.
माझी टाच सगळ्यात मोठ्यानं वाजायची,
हे इथंच सांगून टाकतो.

तान्ह्या पोळ्याला त्याचा लाकडी नंदी
कोणीतरी खरीच किक मारून पाडला.
(कोणीतरी, असं मी अजून म्हणतो.)
शिंग मोडलं. दुसऱ्या दिवसापासून
हेमराज वहीत होता,
खिचडीच्या रांगेत नव्हता.

पंचफुलाबाईला वाचता येत नव्हतं, थाळ्या मोजता यायच्या.
एक थाळी चार दिवस कोरडी राहिली,
तशी ती हातातला झारा घेऊनच निघाली.
कालव्याच्या नळीत सापडला तो,
गुडघ्यांत डोकं घालून.

तिथं काय बोलली, ठाऊक नाही.
गावात मात्र दारोदार सांगत फिरली:
“चाफल्याचं पोरगं येईन. बोलू द्या त्याले.
मधात तोडू नका.
आन् त्याच्या तोंडचा शबूद
तुमीच उचलून पुरा करू नका,
थे बी चोरीच होय.”

मग ती त्याला कामं सांगू लागली.

मी चक्कीवर होतो, ज्वारीचा डबा घेऊन.
हेमराज आला.
शब्बीरभाईनं त्याच्याकडं पाहिलं
आणि पट्टा उतरवला.
भर संध्याकाळी, आठ डबे रांगेत असताना.
घरघर थांबली तेव्हा मला कळलं
की चक्कीच्या टिनावर चिमण्या राहतात.
“पं… पं…”
सवयीनं माझी टाच उचलली गेली.
शब्बीरभाई बघत राहिला,
माझ्याकडं नाही, त्याच्याकडं,
पिठानं पांढऱ्या भुवयांखालून,
घाई नसलेल्या माणसासारखा.
उचललेला पाय ठेवायला मला जागा सापडेना.
“पं… पंचफुलाकाकूचं पीठ.”
“देतो न, बाप्पा.”
पट्टा चढला.

हापशीवर बायांनी दांडा धरून ठेवला म्हणे.
यवतमाळ गाडीच्या कंडक्टरनं
घंटीची दोरी मुठीत धरून अख्खं तिकीट ऐकलं.
आतून कोणी कुरकुरलं, तर म्हणाला,
“उशीर तं रोजच होते.”
पानठेल्यावरचा बंडू एकदा हसला.
त्या आठवड्यात पंचफुलाबाईच्या नवऱ्यानं
त्याच्याकडून खर्रा घेतला नाही,
उधार नाही, रोखही नाही,
आणि तो माणूस खऱ्र्याशिवाय उठत नसे.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा सोमवार.
“एकोणीस. चाफले हेमराज.”
गुरुजींनी पेनाला टोपण लावलं.
बाहेर गंजात फिरणारा झारा थांबला.
ह…
जिनिंगकडं जाणारी कापसाची गाडी
खिडकीभर पांढरी होऊन
सावकाश, पूर्ण निघून गेली.
ह…
कोणाची टाच हलली नाही.
हजर.

टाळ्या वाजल्या नाहीत. कशाला वाजतील?
झारा पुन्हा फिरू लागला.

“वीस,” गुरुजी म्हणाले.
आणि मी, ज्याची जीभ कधी कुठं अडली नाही,
तोंड उघडून तसाच बसलो.
सगळा वर्ग थांबला.
हेमराज मागं वळून
माझ्याकडं बघत होता,
घाई नसलेल्या माणसासारखा.